घरचं नि दारचं : अठ्ठावन्नाव्या वर्षी स्कूटर

गेलं वर्षभर या पानावर मी तुमच्याशी लोणच्याला येणाऱ्या बुरशीपासून सोसायटीच्या वार्षिक सभेपर्यंत सगळ्या गृहसंकटांवर बोलत आले. एक गोष्ट मात्र लपवून ठेवली. ती जमेल की नाही याची माझी मलाच खात्री नव्हती, आणि फजिती झालीच तर तुमची सांत्वनाची पत्रं वाचायचं धैर्य नव्हतं. आता दिवाळी आली आहे, पानही मोठं मिळालं आहे आणि गुडघ्यावरची खपली पडून गेली आहे. तेव्हा सांगून टाकते. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी स्कूटर चालवायला शिकले. विजेची.

यात काय मोठंसं, असं पुण्यातली आजची कुठलीही मुलगी म्हणेल. तोंडाला ओढणी गुंडाळून ती बारावीनंतर जी गाडीवर बसते ती उतरतच नाही. पण आमची गोष्ट वेगळी होती. १९७२ साली लूना आली, त्याच साली चेतकही आली. १९८४ मध्ये गिअर नसलेली, बटण दाबलं की सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. समोरच्या वाड्यातल्या मैत्रिणीला ती मिळाली. मी वडिलांपाशी हट्ट धरला, तर ते म्हणाले, "कशाला? लग्न झालं की नवरा नेईल की मागे बसवून."

नवऱ्याने नेलं, अगदी इमानाने नेलं. सकाळी चेतक एका बाजूला कलती करून, मग उभी करून, तीन किका मारून हे ती सुरू करायचे. मी एका बाजूला पाय सोडून मागे बसायचे, एका हातात पिशवी नि दुसरा हात स्टेपनीला. पुढे चेतक गेली, बिनगिअरची गाडी आली. माझी जागा मात्र तीच राहिली. पस्तीस वर्षांत ह्यांच्या शर्टाच्या कॉलरी किती विटल्या हे जितकं मला ठाऊक आहे तितकं पुढचा रस्ता कसा दिसतो हे ठाऊक नव्हतं.

मागे बसण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. पण मागे बसणाऱ्याला स्वतःची वेळ नसते. माझी आई एरंडवण्याला एकटी राहते, वय चौऱ्याऐंशी. दिवसभर सोबतीला एक बाई असतात, त्या सात वाजता घरी जातात. आमचं घर कोथरूडला. अंतर मोजून तीन किलोमीटर. मेट्रो आहे, पण जिने नि दोन्ही टोकांचं चालणं धरलं तर माझ्या गुडघ्यांना ती दूर पडते. रिक्षावाल्यांना तीन किलोमीटर म्हणजे अपमान वाटतो. म्हणून मी ह्यांच्या मागे बसून जायचे. हे मला सोडून मंडईत नाहीतर बँकेत जायचे आणि तासाभराने खाली येऊन हॉर्न वाजवायचे. हॉर्न वाजला की मी उठायची. आईचं वाक्य अर्धं असलं तरी उठायची.

गेल्या जुलैत एका रात्री साडेआठला आईच्या शेजाऱ्यांचा फोन आला. न्हाणीघराच्या दारात आई पाय घसरून पडली होती. हे सोलापूरला लग्नाला गेलेले. बाहेर पाऊस कोसळत होता. तीन रिक्षावाल्यांनी मान हलवली. मोबाइलवरून बोलावलेले दोघे येतो येतो म्हणून आलेच नाहीत. शेवटी एकाला देव आठवला. घरातून निघाल्यापासून आईच्या दारापर्यंत मला पन्नास मिनिटं लागली. तीन किलोमीटरला!

देवाची कृपा, हाड मोडलं नव्हतं. कोपर सुजलं होतं. आई खुर्चीवर बसली होती. मला बघून म्हणाली, "इतका उशीर का गं झाला?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसता प्रश्न होता. पण त्याचं उत्तर मला देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे परत आले. चहाचा कप हातात देऊन मी म्हटलं, "मी स्कूटर घेणार आहे." ह्यांनी बशी खाली ठेवली. "तुला सायकल तरी येते का?" येत होती, चाळीस वर्षांपूर्वी. तोल एकदा आला की जात नाही म्हणतात. त्या भरवशावर आम्ही दुकानं पालथी घालायला निघालो.

आता माझ्यासारख्या नवशिक्या बायकांसाठी, आणि त्यांच्या नवऱ्यांसाठी, दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. विजेच्या स्कूटरी दोन जातींच्या असतात. एक पेट्रोलच्या गाडीसारखीच वेगाने पळणारी. तिला नोंदणी, हिरवी नंबरपाटी, विमा आणि चालवणाऱ्याला परवाना, सगळं लागतं. दुसरी मंद. मोटार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची, वेग तासाला २५ किलोमीटरच्या आत. ही कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन नव्हेच, म्हणून नोंदणीही नको नि परवानाही नको.

"म्हणजे खेळणंच की!" हे म्हणाले.

मी दुसरीच घेतली. कारण साधं होतं. मला कुठे मुंबईला जायचं होतं? कोथरूड ते एरंडवणं, वाटेत भाजी, परतताना औषधं. पुढे एकदा ह्यांनी घड्याळ लावून पाहिलं. ह्यांच्या पेट्रोलच्या गाडीला आईच्या घरी पोचायला अकरा मिनिटं लागली, माझ्या खेळण्याला चौदा. गर्दीच्या शहरात वेगवान गाडी सिग्नलपाशी जाऊन थांबते, आणि मंद गाडी तिथेच येऊन तिला गाठते. तीन मिनिटांसाठी मी माझा जीव दुप्पट वेगाने का फेकू?

दुकानात मी चार गोष्टी पाहिल्या. पहिली, सीटवर बसल्यावर दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकतात का. नुसत्या चवड्यावर उभं राहून चालत नाही, नवशिकी बाई पडते ती थांबतानाच. दुसरी, गाडी मला एकटीला मागे ओढता येते का, स्टँडवर लावता येते का. तिसरी, बॅटरी काढून वर घरात नेता येते का, कारण आमच्या सोसायटीच्या खालच्या बोळात प्लग नाही आणि तो बसवायचा ठराव तीन सभांपासून लोंबकळतो आहे. चौथी, दुरुस्तीचं दुकान जवळ आहे का. रंग मी शेवटी पाहिला. तोही मनासारखा मिळाला नाही.

एका दुकानातल्या पोराने मात्र मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "आजी, एक तार काढली की ही पंचेचाळीसने पळते. फुकट करून देतो." मी म्हटलं, "बाळ, आणि मग ब्रेकही पंचेचाळीसचे बसवून देशील का?" वाचकांनो, हा मोह टाळा. तार काढली की ती गाडी बिनपरवान्याची राहत नाही, बेकायदा होते. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०२२ साली अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर कारवाईची मोहीमच काढली होती. शिवाय मंद गाडीलाही मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचा दाखला लागतो. अशी एक संस्था तर आमच्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे. सकाळी फिरायला जाणारे जिला नुसतं ए.आर.ए.आय. म्हणतात, तीच. दुकानदाराकडे तो दाखला मागा. तो का कू करू लागला तर नमस्कार करून बाहेर पडा.

परवान्याचं म्हणाल, तर कायद्याला तो नको होता, पण मला हवा होता. रस्त्यावरच्या पाट्यांचे अर्थ मला कुठे माहीत होते? पस्तीस वर्षं मी कॉलर बघत होते. चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, ते काढलं. रोज रात्री जेवणानंतर हे माझी परीक्षा घ्यायचे. "पिवळा दिवा लागला. काय करशील?" मी म्हणायची, "थांबेन." त्यावर मी म्हणायची, "आणि तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात?" त्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. शिकाऊ परवाना मिळाला. पुढे पुतणीच्या नोंदणीच्या गाडीवर चाचणी देऊन पक्काही मिळाला.

ऑगस्टात गाडी आली. पुतणीने शाळेच्या मैदानावर सकाळी सहाला शिकवायला सुरुवात केली. "काकू, मूठ अशी हळू फिरवायची, दुधाच्या पातेल्याखालचा गॅस मोठा करतेस ना, तशी." हे मला एकदम समजलं. चार दिवसांत मैदानाला फेऱ्या मारू लागले. गिअर नाही, क्लच नाही, कीक नाही, आवाज नाही. मला वाटलं, इतकं सोपं असतं तर सगळ्या जगाने आमच्यापासून हे का लपवलं?

आणि मग पाचव्या दिवशी पडले.

नीट ऐका, कारण हीच गोष्ट सांगायला मी हा सगळा प्रपंच मांडला आहे. पडले ती रस्त्यात नव्हे, चालवताना तर नव्हेच. मैदानावरून आल्यावर आमच्या फाटकापाशी थांबले. फाटक उघडायला गाडीवरून उतरले. उतरताना आधाराला उजव्या हाताने मूठ धरली. किल्ली चालूच होती. पेट्रोलची गाडी चालू असली तर धडधडते, सांगते की बाई, मी जागी आहे. विजेची गाडी चालू असो वा बंद, सारखीच मुकी. माझ्या हाताने मूठ फिरली आणि ती मुकी गाडी वाघासारखी पुढे झेपावली. मला भान नव्हतं की मूठ सोडायची असते. उलट घाबरून मी ती अधिकच घट्ट धरली. चार पावलं फरफटत गेले, तुळशीची कुंडी फुटली, गुडघा फुटला, मनगट मुरगळलं.

ह्यांनी एक शब्दही काढला नाही. जखम धुतली, हळद लावली, गाडी उचलून उभी केली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली. ते न बोलणं मला जास्त लागलं. तीन दिवसांनी पेपरमागून म्हणाले, "विकून टाकायची का?" मी म्हटलं, "बघू." पुढचे पंधरा दिवस गाडी चादरीखाली होती, आणि मी पुन्हा मागच्या सीटवर. खाली हॉर्न वाजायचा, मी उठायची. आईला पडल्याचं सांगितलं नव्हतं. मनगटाच्या पट्टीकडे बघून ती फक्त म्हणाली, "तुझ्या गाडीने आलीस?" मी नाही म्हटलं. "बरं," ती म्हणाली, आणि तिने विषय बदलला. त्या 'बरं'ने मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

एके दिवशी पहाटे जाग आली तो हे अंगणात. चादर काढलेली, गाडी पुसलेली. ह्यांच्या हातात देवघरातल्या जुन्या डब्यातली एक छोटी पितळी घंटा होती, कुठल्याशा गणपतीच्या मखराची उरलेली. तिला लाल दोरा ओवून ती ह्यांनी किल्लीला बांधली होती. म्हणाले, "ही घंटा गाडीला लटकलेली दिसली की गाडी जागी आहे असं समजायचं. आधी किल्ली काढून घंटा हातात घ्यायची, मग पाय खाली टाकायचा. उतरताना डावा हात ब्रेकवर, उजवा हात मोकळा." मग जरा थांबून म्हणाले, "चूक माझी. मी तुला पिवळा दिवा शिकवला, उतरायला शिकवलं नाही."

नवरेमंडळींनो, हा उतारा कापून ठेवा. आणि गाडी घेणाऱ्यांनो, हेही विचारा की बाजूचा स्टँड लावल्यावर मोटार आपोआप बंद होते का. अशी सोय पुष्कळ गाड्यांना असते. ती असली तर आधी स्टँड लावा नि मगच उतरा. पण नुसत्या सोयीवर विसंबू नका. घंटा बांधा.

बॅटरीबद्दल दोन शब्द. २०२२ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर पेटली होती, देशात इतरत्रही तसे प्रकार झाले. त्यानंतर बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे नियम डिसेंबर २०२२ नि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक करण्यात आले. भिण्याचं कारण नाही, पण काळजी हवी. आमच्याकडचे नियम असे : गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरायचा. तापलेली बॅटरी लगेच लावायची नाही, तासभर निवू द्यायची. भिंतीतल्या पक्क्या प्लगला लावायची, लोंबत्या वायरीला नाही. झोपताना लावून ठेवायची नाही. आणि दाराच्या नि जिन्याच्या वाटेत तर कधीच नाही, कारण काही झालंच तर बाहेर पडायची वाट तीच. बॅटरी भिजली किंवा आपटली तर दुकानात दाखवायची, घरी उघडून बघायची नाही.

आता हिशेब, कारण हे पान पुण्यातही वाचलं जातं. माझी बॅटरी दीड युनिटाची आहे. भरताना थोडी वीज वाया जाते, म्हणून पावणेदोन युनिटं धरा. युनिटला दहा रुपये धरले तर साडेसतरा रुपये झाले. दुकानदार म्हणाला होता साठ किलोमीटर जाईल, माझी जाते पंचेचाळीस. म्हणजे किलोमीटरला चाळीस पैसे. पेट्रोल लिटरला शंभर नि गाडी लिटरला पंचेचाळीस धरली तर सव्वादोन रुपये पडतात. फरक मोठा दिसतो, पण मी रोज आठ किलोमीटर जाते. वाचतात दिवसाला चौदा-पंधरा रुपये, वर्षाला पाच हजारांच्या आसपास. आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल, ती स्वस्त नसते. तेव्हा केवळ पैसे वाचवायला म्हणून इतक्या थोड्या वापरासाठी ही गाडी घेऊ नका. हिशेबात ती फार चमकत नाही.

उणीवाही सांगते. चढावर ती दमते. पुतणी मागे बसली तर चढावर एखाद्या सायकलवाल्याने ओलांडून जावं इतकी दमते, म्हणून दुसरं माणूस मी बसवतच नाही. आई हट्ट करते, तरी नाही. मोठ्या रस्त्यावर मागचे हॉर्न मारतात, म्हणून मी जमेल तितकी आतल्या गल्ल्यांतून जाते. गाडीचा आवाज नसल्याने पुढे चालणाऱ्याला आपण आल्याचं कळत नाही, तेव्हा आपणच जपायचं. हेल्मेट घालते. बिनपरवान्याच्या गाडीवरून पडलं तरी डोकं तितकंच फुटतं. आणि परवाना लागत नाही म्हणून शाळकरी मुलांच्या हाती ही गाडी देणाऱ्या आईबापांना माझं हात जोडून सांगणं आहे, कायद्याने हात वर केले म्हणून आपण करायचे नसतात.

परवा फराळाची सुरुवात आईकडे केली. तिला आता सोऱ्या पिळवत नाही, पण भाजणीत मोहन किती हे अजून तिलाच विचारावं लागतं. दुपारी तीनला गेले. मी चकल्या पाडत होते, ती समोर बसून काटा नीट येत नाही म्हणून नावं ठेवत होती. मग कसं कोण जाणे, वडिलांचा विषय निघाला. मी सतरा वर्षांची असताना कायनेटिकचा हट्ट धरला होता, त्याच्या दुसऱ्या दिवशी वडील एकटेच दुकानात जाऊन किंमत विचारून आले होते म्हणे. परवडण्यासारखी नव्हती. ते मला कधी सांगितलं नाही. नवऱ्याचं निमित्त पुढे केलं. इतक्या वर्षांत हे मला आज कळत होतं, कारण इतक्या वर्षांत आई या वाक्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती.

एवढ्यात खाली हॉर्न वाजला.

मी सवयीने उठले. हाताला पीठ, पदर खोचलेला, तशीच दाराकडे वळले. आई हसायलाच लागली. कोपऱ्यातल्या ताटलीकडे तिने बोट केलं. ताटलीत लाल दोऱ्याची किल्ली होती, शेजारी पितळी घंटा.

"अगं बस," ती म्हणाली. "तुझी गाडी इथे ताटलीत आहे. ती कशी खाली ओरडेल?"